शेळीच्या स्नायूत सायलेन्सर शोधताना एच३के२७एमई३ची शिखरं एवढा पुरावा पुरतो का?

करडू_जीनोम:

नमस्कार मंडळी. पशुआनुवंशिकीत एम.व्ही.एस्सी. करतोय. प्रबंधाचा विषय आहे उस्मानाबादी शेळीत स्नायूंची वाढ आणि जनुकांना गप्प ठेवणारे डीएनएचे तुकडे, म्हणजे सायलेन्सर. जनुकांचा आवाज वाढवणाऱ्या तुकड्यांवर, म्हणजे एन्हान्सरवर, ढीगभर वाचायला मिळतं. सायलेन्सरवरचं साहित्य तुटपुंजं आहे आणि तेही बहुतेक मानवी पेशींवरचं.

आराखडा असा केलाय: नवजात आणि सहा महिन्यांची करडं, प्रत्येक वयाचे दोन प्राणी, दोन ऊती (कमरेचा लॉन्जिसिमस स्नायू आणि यकृत). प्रत्येक नमुन्यावर एच३के२७एमई३ या हिस्टोन खुणेचं (डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवरची, गप्प भागांत दिसणारी रासायनिक खूण) चिप-सेक, म्हणजे ती खूण जीनोमवर कुठे आहे याचा नकाशा, आणि सोबत आरएनए-सेक, म्हणजे कोणतं जनुक किती चालू आहे याची मोजणी. जिथे खुणेचं शिखर (खूण दाट असलेली जागा) आहे आणि जवळचं जनुक बंद आहे, तो सायलेन्सर धरायचा.

अडचण अशी की परीक्षकांनी "हा सायलेन्सर कशावरून?" असं विचारलं तर काय उत्तर द्यायचं ते मला नीट सुचत नाहीये. पाळीव जनावरांत एखादा सायलेन्सर शेवटपर्यंत सिद्ध झाल्याचं उदाहरण आहे का? आणि या आराखड्यात काय बदलावं? पैसे मर्यादित आहेत, तेही लक्षात घेऊन सांगावं ही विनंती.

क्रोमॅटिन_काठावर:

परीक्षकांचा प्रश्न रास्तच ठरेल. शिखर आणि बंद जनुक शेजारी शेजारी दिसले, तर त्यातून एवढंच कळतं की तो भाग गप्प आहे. त्या तुकड्यानेच त्याला गप्प केलंय हे त्यातून कळत नाही. पॉलिकोंब हे जनुकं गप्प ठेवणाऱ्या प्रथिनांचं संकुल एच३के२७एमई३ची खूण जनुक बंद पडल्यावरही पसरवत जातं, त्यामुळे खूण बऱ्याचदा परिणाम असते. सायलेन्सर म्हणायचं असेल तर एकच कसोटी आहे: तो तुकडा काढला किंवा मोडला की त्या ऊतीत, त्या वयात, ते जनुक वर गेलं पाहिजे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सगळ्यात पक्कं उदाहरण डुकराच्या आयजीएफ२ या वाढीच्या जनुकाचं आहे, आणि ते मुळापासून वाचा, कारण तुमच्या आराखड्यातल्या जवळजवळ प्रत्येक गृहीताला ते धक्का देतं.

१९९९मध्ये दोन गटांनी डुकराच्या २ क्रमांकाच्या गुणसूत्रावर स्नायूंच्या वजनावर मोठा परिणाम करणारी जागा दाखवली. एकाने युरोपीय रानडुक्कर आणि लार्ज व्हाइट यांचा संकर वापरला होता, दुसऱ्याने पिएत्रें आणि लार्ज व्हाइट यांचा. दोन्हीकडे दिसलं की फक्त बापाकडून आलेली प्रत परिणाम करते. २००३मध्ये उप्सालाचा लेइफ अँडरसन यांचा गट आणि लिएजचा मिशेल जॉर्ज यांचा गट यांनी मिळून नेमका बदल पकडला: आयजीएफ२च्या तिसऱ्या इंट्रॉनमध्ये (जनुकातल्या, प्रथिन न बनवणाऱ्या भागात) ३०७२व्या जागी जीऐवजी ए. एका अक्षराचा हा बदल, प्रथिनाची रचना जराही न बदलता, जन्मानंतरच्या स्नायूत आयजीएफ२चा एमआरएनए साधारण तिप्पट करतो. त्या संकरांमध्ये स्नायूंच्या वजनातल्या एकूण फरकापैकी १५ ते ३० टक्के आणि पाठीच्या चरबीच्या जाडीतल्या फरकापैकी १० ते २० टक्के भाग या जागेच्या वाट्याला आला.

हा तुकडा सायलेन्सर आहे हे कशावरून ठरलं, ते तुमच्या परीक्षकांसाठी महत्त्वाचं. ल्युसिफरेज चाचणीत (जनुकाची क्रिया प्रकाशावरून मोजणारी चाचणी) मूळ जी असलेला तुकडा प्रमोटरची, म्हणजे जनुक सुरू करणाऱ्या भागाची, क्रिया जोरात दाबत होता, ए असलेला तुकडा बराच कमी. केंद्रकातला एक घटक जी असलेल्या डीएनएला चिकटत होता, एला नाही. त्या जागेचं मिथिलेशन केलं, म्हणजे डीएनएवर मिथाइल गट बसवला, तर मूळ जी असूनही चिकटत नव्हता. मग २००९मध्ये तो घटक हाती लागला: झेडबेड६. हा रिप्रेसर (जनुक दाबणारं प्रथिन) ZC३H११A नावाच्या दुसऱ्या एका जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये दडलेला आहे, एका जुन्या ट्रान्सपोझॉनपासून (जागा बदलणाऱ्या डीएनएपासून) तयार झालेला आहे आणि अपरा असलेल्या सस्तन प्राण्यांतच सापडतो. त्याची बसायची जागा जीसीटीसीजी. उंदराच्या सी२सी१२ या स्नायूपेशींत झेडबेड६ कमी केलं की आयजीएफ२ वर जातं, पेशी जास्त वाढतात. पुढे २०१८मध्ये चीनमधल्या बामा डुकरांत क्रिस्पर या जनुक-कात्रीने नेमकी ही जागा मोडली आणि मांसाचं प्रमाण वाढलं. शेतातला गुण, गुणसूत्रावरची जागा, एक अक्षर, चिकटणारं प्रथिन, आणि शेवटी जिवंत प्राण्यात ती जागा मोडून पाहणं, असा पुराव्याचा अखंड धागा इथे आहे.

तुमच्या नियमाला यात धक्का कुठे बसतो ते बघा. स्नायूत आयजीएफ२ बंद नसतं, चालूच असतं. सायलेन्सर त्याचा आवाज कमी ठेवतो, एवढंच. झेडबेड६च्या बसायच्या जागा सी२सी१२मध्ये तपासल्या तेव्हा त्यातल्या बहुतेक एच३के४एमई३ आणि एच३के२७एसी या सक्रिय खुणांच्या शेजारी निघाल्या, एच३के२७एमई३च्या जवळ क्वचितच. म्हणजे "एच३के२७एमई३ आणि बंद जनुक" ही चाळणी लावली तर पाळीव जनावरांतला सर्वात चांगला सिद्ध झालेला सायलेन्सर चाळणीतून निसटतो.

आणखी दोन गोष्टी. याच बदलाने गर्भाच्या स्नायूत आणि जन्मानंतरच्या यकृतात फरक पडत नाही. यकृतात आयजीएफ२ दुसऱ्या प्रमोटरवरूनही चालतं. म्हणून वय आणि ऊती दोन्ही ठरवल्याशिवाय "हा सायलेन्सर आहे" हे वाक्यच अपुरं राहतं. आणि आयजीएफ२ बापाच्या प्रतीवरून चालतं, त्यामुळे विषमयुग्मी (एक प्रत ए, एक जी असलेल्या) जनावरांचे दोन गट पडतात: बापाकडून ए आलेली आणि आईकडून ए आलेली. त्यांची सरासरी काढलीत तर परिणाम निम्मा दिसतो आणि भोवतालची विखुरण वाढते.

नमुना_नायट्रोजन:

वरच्या उत्तराशी सहमत. मी प्रयोगशाळेच्या बाजूने लिहितो, कारण स्नायूवरचे असे प्रयोग बहुतेक वेळा विश्लेषणापर्यंत पोचण्याआधीच बिघडतात.

कत्तलीनंतर १५-२० मिनिटांत तुकडा द्रवरूप नायट्रोजनमध्ये गेला पाहिजे. जागा पक्की ठरवा: डावी बाजू, १२व्या-१३व्या बरगडीची पातळी, वरची चरबी आणि पांढरं अस्तर काढून ३-४ मिलिमीटरचे चौकोनी तुकडे. जाड तुकडा आतून हळू गोठतो आणि केंद्रकं फुटतात. आरएनएलेटर या जपणूक-द्रवातला तुकडा आरएनएसाठी ठेवा, क्रोमॅटिनसाठी (प्रथिनांसह असलेला डीएनए) वेगळा गोठवा.

प्रत्येक गटात दोन प्राणी अपुरे आहेत, तीन तरी हवेतच. आणि ते तीन वेगवेगळ्या शेळ्यांची पिल्लं असावीत. उस्मानाबादीत जुळी सर्रास होतात, जुळी भावंडं घेतलीत तर तीनाचे खरे दोनच उरतात. सगळी एकाच लिंगाची घ्या. मादीत निष्क्रिय एक्स गुणसूत्रावर एच३के२७एमई३चा जाड थर असतो, त्यामुळे नर-मादी मिसळले की एक्सवर शेकडो खोटे फरक उगवतात. बोकड घेतले तर खच्ची केलेले आणि न केलेले एकत्र करू नका, स्नायूच्या वाढीवर त्याचा थेट परिणाम आहे.

चिप-सेकऐवजी कट अँड टॅग करा: त्यात प्रतिपिंडामार्फत खुणेजवळ बांधलेलं टीएन५ एन्झाइम तिथेच डीएनए कापून खूणचिठ्ठी लावतं. स्नायूचं चिप करायचं तर फॉर्मल्डिहाइडने जोडल्यावर तंतूंची प्रथिनं क्रोमॅटिनला घट्ट धरून बसतात, सोनिकेशन एकसारखं होत नाही, आणि एच३के२७एमई३सारख्या पसरट खुणेला प्रत्येक नमुन्यामागे साडेचार कोटी उपयुक्त तुकड्यांचं वाचन लागतं. कट अँड टॅगमध्ये पार्श्वभूमी कमी असल्याने ५० लाख ते १ कोटी जोड्यांत काम होतं.

केंद्रकं काढताना: १०० ते १५० मिलिग्रॅम स्नायू नायट्रोजनमध्येच खलात कुटा, वितळू देऊ नका. ०.२५ मोलर सुक्रोज आणि ०.१ टक्का सौम्य डिटर्जंट असलेल्या थंड बफरमध्ये डाउन्स होमोजनायझर, सैल दांड्याने १०-१५ आणि घट्ट दांड्याने तेवढेच फटके. ७० मग ४० मायक्रॉनची गाळणी, ५०० जी वेगाने पाच मिनिटं, ४ अंश. डीएपीआय हा डीएनएचा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. मोजणी यंत्रावर विसंबू नका, तंतूंचा कचरा ते केंद्रक म्हणून मोजतं. कचरा फार असेल तर आयोडिक्सॅनॉलच्या थरावरून पुन्हा फिरवा.

पुढे प्रति अभिक्रिया ५० हजार ते १ लाख केंद्रकं. केंद्रकं धरून ठेवणाऱ्या कॉन्कॅनाव्हॅलिन मण्यांचा गोळा झाला तर केंद्रकं फुटून डीएनए बाहेर आलाय असं समजा आणि तो नमुना टाकून द्या, हलवून सुटा करण्यात अर्थ नाही. टीएन५ बांधल्यानंतरच्या धुण्यात मीठ ३०० मिलिमोलर ठेवा. ही पायरी सर्वात जास्त चुकते. मीठ कमी पडलं की टीएन५ प्रतिपिंडाशिवायच उघड्या क्रोमॅटिनवर बसतो आणि तुमच्या "गप्प" खुणेच्या नकाशात चालू जनुकांचे प्रमोटर चमकू लागतात. तसं दिसलं की समजायचं कुठे चुकलंय. मग १० मिलिमोलर मॅग्नेशियम, ३७ अंश, एक तास. पीसीआर १२ ते १४ फेऱ्या, त्याहून जास्त लागत असतील तर सुरुवातीचं द्रव्य कमी होतं. आयजीजीचा (कोणत्याही खुणेवर न रोखलेल्या प्रतिपिंडाचा) नियंत्रण नमुना प्रत्येक तुकडीत हवाच.

एक मूलभूत मर्यादा लक्षात ठेवा. स्नायूच्या तुकड्यातली सगळी केंद्रकं स्नायूतंतूंची नसतात. फायब्रोब्लास्ट, रक्तवाहिन्यांचं अस्तर, सॅटेलाइट पेशी (स्नायूच्या मूलपेशी), चरबीच्या पेशी यांचीही भरपूर असतात. एकाच जागी एच३के२७एमई३ आणि एच३के२७एसी दोन्ही दिसले तर ती द्विमुखी अवस्था असेलच असं नाही, दोन पेशीप्रकारांची बेरीज असण्याची शक्यता जास्त. जमलं तर पीसीएम१ प्रतिपिंडाने स्नायूतंतूंची केंद्रकं वेगळी वेचा. हे प्रतिपिंड शेळीत चालतं का, ते आधी ऊतीच्या कापावर तपासा.

मेंढा_बाप_आई:

आयजीएफ२ डुकराचं झालं. तुम्ही शेळी-मेंढीच्या जवळ आहात, म्हणून मेंढीतलं उदाहरण जोडतो: कॅलिपायज. अमेरिकेत डॉर्सेट मेंढ्यांत दिसलेला हा गुण १८व्या गुणसूत्रावर आहे. डीएलके१ आणि एमईजी३ या दोन जनुकांमधल्या मोकळ्या जागेत ए ऐवजी जी, एकच अक्षर, आणि एमईजी३पासून सुमारे ३३ हजार अक्षरं दूर. तो बदल स्नायूपुरता चालणारा, लांबून नियंत्रण करणारा सायलेन्सर निकामी करतो, असं त्याचं स्पष्टीकरण आहे. जन्मानंतर डीएलके१ स्नायूत खाली यायला हवं, ते येत नाही. कोकरू जन्मताना सर्वसाधारण दिसतं. तीन-चार आठवड्यांनी कंबर आणि मागचे पाय भरू लागतात, पुढचा भाग फारसा नाही. म्हणजे "स्नायू" ही सुद्धा एक ऊती धरून चालत नाही: एकाच कोकराच्या लॉन्जिसिमसमध्ये परिणाम आणि खांद्याच्या स्नायूत जवळपास नाही.

वारशाचा प्रकार तर याहून विचित्र. बदल बापाकडून आला आणि आईकडून मूळ प्रत आली, तरच गुण दिसतो. दोन्हीकडून आला तर कोकरू साधंच दिसतं, कारण आईच्या प्रतीवरून वाढलेले आरएनए बापाच्या प्रतीवरून होणारं काम दाबतात. प्रत्यक्ष कळपात याचा अर्थ: दोन्ही प्रती बदललेला, दिसायला साधा मेंढा मूळ प्रतींच्या मेंढ्यांवर सोडला तर सगळी कोकरं भरलेली. उलट दोन्ही प्रती बदललेली मेंढी आणि मूळ मेंढा, तर एकही नाही. नुसत्या अंगावरून निवड करणारा इथे हमखास चुकतो. आणि मांस वाढलं तरी लॉन्जिसिमसमध्ये कॅल्पास्टॅटिन (मांस मऊ करणाऱ्या एन्झाइमांना अडवणारं प्रथिन) वाढल्याने ते चिवट निघतं, म्हणून हा गुण बाजारात रुजला नाही.

तुमच्याकडच्या लोकांना फलटणच्या निंबकर संस्थेतलं फेकबी जनुक माहीत असतं, गारोळ मेंढीतून सुवर्णा जातीत आणलेलं, जुळी देणारं. त्याच्याशी याची गल्लत करू नका. फेकबीत बीएमपीआर१बी प्रथिनातलंच एक अमिनो आम्ल बदललेलं आहे. तिथे जनुकचाचणी केली की बहुतेक काम झालं, आई की बाप, कोणाकडून प्रत आली याची फिकीर नाही. नियंत्रक तुकड्यांत, त्यातही छाप असलेल्या (आई किंवा बाप, एकाच्याच प्रतीवरून चालणाऱ्या) जनुकांजवळ, आईबापांचा जनुकप्रकार माहीत नसेल तर निष्कर्ष काढू नका.

शेळीबद्दल एक सावधगिरी. बिनशिंगी शेळीत १ क्रमांकाच्या गुणसूत्रावर सुमारे ११.७ हजार अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. दोन्ही प्रती गळालेल्या एक्सएक्स माद्या नरासारख्या, वांझ होतात. साधं "तुकडा गेला, ऊती बदलली" म्हणून याला सायलेन्सरच्या यादीत टाकण्याचा मोह होतो. पण इथे तुकडा गेल्यावर अंडाशयात एफओएक्सएल२ हे अंडाशय घडवणारं जनुक बंद पडतं. वर जात नाही. म्हणजे अंडाशयापुरता तो तुकडा एफओएक्सएल२ चालू ठेवणारा आहे. परीक्षक विचारतील तेव्हा दिशा बघा: काढल्यावर जनुक वर गेलं की खाली? सानेनसारख्या बिनशिंगी बोकडाने संकर करत असाल तर बिनशिंगी शेळीशी जोडी लावू नका, हे व्यवहाराचं.

करडू_जीनोम:

मनापासून आभार. नियम बदलावा लागणार हे स्पष्ट झालं. आता दोन गोष्टी विचारतो. शेळीच्या जीनोमवर शिखरं काढताना काय जपावं? आणि दोन-तीन तुकड्यांची ल्युसिफरेज चाचणी करायची ठरवली तर कशी मांडू? आमच्याकडे सी२सी१२ पेशी आणि पीजीएल४.२३ प्लाझ्मिड (पेशीत घालायचं डीएनएचं वर्तुळ) आहे. एका तुकड्याचं पीसीआर करून पाहिलं, पण पट्टा येतच नाही, तो जी-सी अक्षरांनी गच्च भरलेला आहे.

क्रोमॅटिन_काठावर:

विश्लेषणाबद्दल. संदर्भ जीनोम एआरएस१ आहे, तो सान क्लेमेंटे जातीच्या बोकडाचा. उस्मानाबादीशी फरक असणारच, म्हणून जुळणीची गुणवत्ता ३०च्या खालची वाचनं टाका आणि आयजीजी नमुन्यात ज्या जागा उंच दिसतात त्यांची स्वतःची वर्ज्य यादी बनवा. मानव-उंदरासारखी तयार यादी शेळीला लागू नका करू.

शिखरं काढताना पसरट पद्धत वापरा. एच३के२७एमई३चे पट्टे काही हजारांपासून लाखभर अक्षरांपर्यंत लांब असतात, अख्ख्या पट्ट्याला सायलेन्सर म्हणता येणार नाही. पट्ट्याच्या आत उघडं क्रोमॅटिन कुठे आहे ते अटॅक-सेकने (उघड्या भागांचा नकाशा देणारी पद्धत) काढा, तिथे २०० ते १००० अक्षरांचा तुकडा मिळतो, आणि त्यात रिप्रेसरांच्या बसायच्या जागा शोधा. झेडबेड६ची जागा, आणि चेतापेशींबाहेर चेताजनुकं बंद ठेवणाऱ्या आरईएसटीची २१ अक्षरांची जागा, या दोन तर नक्कीच बघा. आरईएसटी तुमच्यासाठी सोयीचा अंतर्गत पुरावा आहे: त्याच्या जागा स्नायू आणि यकृत दोन्हीत गप्प दिसायला हव्यात. नाही दिसल्या तर नकाशातच काहीतरी बिघडलंय.

दुसरी यादी वेगळी ठेवा: उघडं क्रोमॅटिन आहे, रिप्रेसरची जागा आहे, जनुक चालू आहे पण दुसऱ्या ऊतीच्या मानाने मंद. आयजीएफ२सारखे सायलेन्सर या यादीत येतील.

मंद-तेज तुलना फक्त दोन ऊतींवर असेल तर त्याला सहसंबंध म्हणू नका. स्नायू आणि यकृत यांच्यात हजारो जनुकं वेगळी असतात आणि कोणताही तुकडा कोणत्याही जनुकाशी जुळलेला दिसतो. गाय, डुक्कर आणि कोंबडी यांच्या अनेक ऊतींचे हिस्टोन खुणांचे नकाशे एफएएएनजी या पाळीव प्राण्यांच्या जीनोम प्रकल्पातून खुले आहेत. तुमचा उमेदवार तुकडा गाईच्या जीनोमवर नेऊन बघा: आठ ऊतींत जिथे तो उघडा आणि सक्रिय खुणेविना आहे, तिथे जवळचं जनुक खाली आहे का? पैसे न लागता हातातल्या शंभर उमेदवारांचे दहा होतात.

पेट्रीडिश_पोर्ट:

चाचणीचं मी सांगते. पीजीएल४.२३ यासाठी चालणार नाही. त्यात अगदी किमान प्रमोटर आहे, मुळात प्रकाशच कमी, मग तो दाबला गेला हे दिसणार कसं? एन्हान्सर शोधायला ते बनवलेलं आहे. सायलेन्सरसाठी मध्यम-जोरदार प्रमोटर हवा: एसव्ही४० असलेलं पीजीएल३-प्रमोटर, किंवा त्याहून उत्तम म्हणजे त्या जनुकाचा स्वतःचा प्रमोटर. आयजीएफ२च्या कामातही जनुकाचाच प्रमोटर घेतला होता.

नियंत्रण म्हणून रिकामं प्लाझ्मिड पुरत नाही. पाचशे अक्षरांचा कोणताही डीएनए घातला तरी क्रिया थोडी उतरते. तेवढ्याच लांबीचे, तेवढ्याच जीसीचे, शेळीच्याच जीनोममधले दोन-तीन तटस्थ तुकडे घ्या आणि तुलना त्यांच्याशी करा. तुकडा सुलट आणि उलट दोन्ही दिशांनी बसवा. आणि सर्वात बोलका नमुना म्हणजे तोच तुकडा, फक्त रिप्रेसरच्या जागेतली एक-दोन अक्षरं बदललेला. मूळ तुकड्याने दाबलं आणि बदललेल्याने सोडलं, तर तुमच्याकडे बोलण्यासारखं काही आहे.

२४ खणांच्या थाळीत खणामागे ४०० नॅनोग्रॅम मुख्य प्लाझ्मिड, १० ते २० नॅनोग्रॅम रेनिला (तुलनेसाठीचं दुसरं प्रकाशजनुक). रेनिलाही जोरदार प्रमोटरवर असेल आणि जास्त घातलं तर दोन्ही प्रमोटर एकाच यंत्रणेसाठी भांडतात आणि गुणोत्तर भरकटतं. ३० ते ४८ तासांनी मोजा. एकाच दिवसाचे तीन खण म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या प्लाझ्मिड तयारीने तीनदा करा. प्लाझ्मिड तयारीतल्या एंडोटॉक्सिनमुळे पेशी मंदावतात आणि तो फरक हुबेहूब सायलेन्सरसारखा दिसतो.

सी२सी१२ वाढीच्या अवस्थेत एक आणि २ टक्के घोड्याच्या सीरमवर ४-५ दिवस ठेवून तंतू झाल्यावर एक, अशा दोन पेशी आहेत असं समजा. तंतूंत प्लाझ्मिड जवळजवळ शिरत नाही. आधी घालून मग तंतू होऊ दिले तर पाचव्या दिवशी संकेत विझलेला असतो. तंतूंत बघायचंच असेल तर लेंटिव्हायरसने जीनोममध्ये कायमचं बसवावं लागेल. आणखी एक: आयजीएफ२ उंदराच्या पेशींत जमलं कारण ती जागा सस्तन प्राण्यांत राखली गेली आहे. तुमचा तुकडा शेळीपुरताच असेल तर सी२सी१२चा नकार हा पुरावा धरू नका. करडाच्या स्नायूतल्या सॅटेलाइट पेशी चौथ्या-पाचव्या पिढीच्या आत वापरा.

पट्टा न येण्याबद्दल: ९८ अंशांवर वितळवा, ५ टक्के डीएमएसओ किंवा १ मोलर बेटेन घाला (दोन्ही एकदम नको), जीसीसाठीचं एन्झाइम घ्या, आणि प्रायमर गच्च भागाच्या बाहेर ८०-१०० अक्षरांवर सरकवा. जनुकप्रकार काढताना याच भागात दुसरा धोका आहे: दोनपैकी एक प्रत वाढतच नाही आणि विषमयुग्मी जनावर समयुग्मी वाचलं जातं. आईबापांशी न जुळणारे निकाल यायला लागले तर पहिला संशय यावर घ्या.

ल्युसिफरेजच्या आधी एक स्वस्त काम करा. त्याच तुकड्याचं बायसल्फाइट करून स्नायू आणि यकृतात मिथिलेशन बघा. सीजी असलेली जागा स्नायूत मिथिलेटेड निघाली तर झेडबेड६सारखा रिप्रेसर तिथे बसूच शकत नाही, आणि महिनाभराचं क्लोनिंग वाचतं.

नमुना_नायट्रोजन:

यात एक भर. प्लाझ्मिडवर पूर्ण क्रोमॅटिन बनत नाही, त्यामुळे पॉलिकोंबवर चालणारे सायलेन्सर ल्युसिफरेजमध्ये बऱ्याचदा काहीच दाखवत नाहीत. पहिल्या यादीतल्या (एच३के२७एमई३च्या पट्ट्यांतल्या) तुकड्यांचा निकाल "परिणाम नाही" आला तरी त्यांना बाद करू नका, त्यांना जीनोममध्येच छाटून बघावं लागतं. डीकॅस९ला (न कापणाऱ्या क्रिस्पर प्रथिनाला) केआरएबी हा दाबणारा भाग जोडून दाबण्याची पद्धत एन्हान्सरसाठी आहे. सायलेन्सर दाबून काय मिळणार? दोन मार्गदर्शक आरएनए, मधला ३००-५०० अक्षरांचा तुकडा उडवायचा, एकेका पेशीपासून किमान तीन स्वतंत्र क्लोन.

क्रोमॅटिन_काठावर:

आणि छाटताना तिथे सीटीसीएफची (जीनोममध्ये कुंपण घालणाऱ्या प्रथिनाची) जागा नाही ना, ते आधी बघा. सीटीसीएफ गेलं की शेजारच्या कुंपणापलीकडचा एन्हान्सर तुमच्या जनुकापर्यंत पोचतो, जनुक वर जातं आणि तुम्ही त्याला सायलेन्सर म्हणून मोकळे होता. म्हणून अख्खा तुकडा छाटण्यापेक्षा रिप्रेसरची सहा-आठ अक्षरं मोडणं जास्त भरवशाचं. मधला भाग उलटा होऊन तिथेच बसण्याचं प्रमाणही कमी नसतं, दोन्ही टोकांच्या पीसीआरने दिशा तपासल्याशिवाय क्लोन स्वीकारू नका. छाप असलेलं जनुक असेल तर एकच प्रत मोडलेल्या क्लोनमध्ये ती बापाची आहे की आईची हे जवळच्या एखाद्या अक्षरफरकावरून ठरवा. आईची मोडली असेल तर काहीही हलणार नाही.

करडू_जीनोम:

शेवटचं. एवढ्यात काय सोडू? दोन्ही वयं ठेवली तर पैसे पुरणार नाहीत.

नमुना_नायट्रोजन:

जीनोमभरच्या कामासाठी एकच वय ठेवा, सहा महिने. आयजीएफ२चा परिणाम जन्मानंतरच्या स्नायूत दिसतो, तुमचा रस मांसात आहे, आणि नवजात करडाच्या स्नायूत तंतूंबाहेरच्या पेशींचा वाटा जास्त. तीन बोकड, दोन ऊती, म्हणजे सहा नमुने. त्यावर एच३के२७एमई३ आणि एच३के२७एसी यांचं कट अँड टॅग, प्रत्येकी १ कोटी जोड्या: १२ कोटी. अटॅक-सेक प्रत्येकी ५ कोटी: ३० कोटी. त्यात स्नायूत मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फार येतो, म्हणून केंद्रकं डिटर्जंटने नीट धुतल्याशिवाय ते करू नका, नाहीतर अर्धे पैसे मायटोकॉन्ड्रिया वाचण्यात जातात. आरएनए-सेक प्रत्येकी ३ कोटी: १८ कोटी. एकूण ६० कोटी जोड्या, अधिक आयजीजीचे थोडे.

नवजात करडांचे नमुने मात्र गोठवून ठेवाच. हातात दहा उमेदवार आले की त्यांच्यावर तेवढ्यापुरतं आरटी-क्यूपीसीआर आणि बायसल्फाइट करता येतं, त्याला नव्याने सिक्वेन्सिंग लागत नाही. करडांच्या बापाचं आणि आईचं रक्तही आत्ताच घेऊन ठेवा. दोन वर्षांनी कोणती शेळी कोणत्या बोकडाला लागली होती हे कळपात कोणी सांगू शकणार नाही, आणि विषमयुग्मी करडात कोणती प्रत बापाची हे त्याशिवाय ठरत नाही.